तुम्ही विचारलंत म्हणून: बॅक्टेरिया नवीन आहे हे कळतं कसं?

किनाऱ्यावरच्या गाळातून नवीन बॅक्टेरिया मिळाला असं सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, मायक्रोस्कोपखाली बघून लगेच कळतं का? नाही कळत. तिथे बारीक काड्या दिसतात नाहीतर गोळे, आणि शेकडो जाती हुबेहूब तशाच दिसतात.

गाळ निर्जंतुक खाऱ्या पाण्यात डायल्यूट करून मरीन अगारवर, म्हणजे समुद्री बॅक्टेरियांच्या जेलीसारख्या खाद्यावर, पसरायचा आणि थांबायचं. घाई केली की भराभर वाढणारेच हाती लागतात, माझा जीव मात्र उशिरा उगवणाऱ्या बारक्या कॉलन्यांत अडकलेला असतो. त्या पुन्हापुन्हा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून, शुद्ध करायच्या, मग १६एस जीन वाचायचा, सगळ्या बॅक्टेरियांत असणारा, साधारण १५०० डीएनए-अक्षरांचा, आणि माहीत असलेल्या जातींशी जुळवून बघायचा. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं की आशा वाढते. पण वर आलं म्हणजे जुनीच जात असंही नाही, कारण हा जीन फार सावकाश बदलतो, ९९ टक्क्यांवर जुळूनही जाती वेगळ्या निघतात. म्हणून अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायचा. जवळच्या जातीशी एएनआय (दोन जीनोमच्या जुळणाऱ्या भागांमधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (जीनोमचं साम्य कॉम्प्युटरवर काढायचं दुसरं माप) ७० टक्क्यांच्या खाली, मग जात वेगळी धरतात.

बरेच जण इथेच थांबा म्हणतात, मला ते पटत नाही. जवळच्या जातींचे टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या जातीचा अधिकृत नमुना म्हणून जपलेले बॅक्टेरिया, मागवून आपल्या स्ट्रेनच्या शेजारी, त्याच मीडियमवर, त्याच तापमानाला वाढवायलाच हवेत. पेशीतली फॅटी ॲसिड तापमान आणि मीडियम बदललं की बदलतात, त्यामुळे जुन्या पेपरमधले आकडे उचलून शेजारी ठेवले तर त्या तुलनेला अर्थ नसतो. पेशीच्या पडद्यातली क्विनोन, पोलर लिपिड ही रसायनं, किती मिठात वाढतो, हे सगळं तेव्हाच बघायचं. वेळ जातो, पण तो जीव जगतो कसा हे इथेच कळतं.

नाव सगळ्यात शेवटी. त्याआधी जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया जपून ठेवणाऱ्या संस्थांत, जमा करावं लागतं, तेही कुणालाही मागवता येईल असं, आणि हा नियम मला मनापासून आवडतो. २०२२ पासून सीककोड या नावं देण्याच्या वेगळ्या नियमावलीत नुसत्या जीनोमवरही नाव देता येतं. जे प्लेटवर वाढतच नाहीत त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे, नाहीतर गाळातले बहुतेक जीव बिननावाचेच राहिले असते. पण जो वाढतो त्याचं कल्चर जपून ठेवलंच पाहिजे, कारण उद्या कुणाला त्याचं एखादं एन्झाइम तपासायचं झालं तर नुसता सीक्वेन्स पुरणार नाही.