पुठ्ठ्याच्या तलवारी आणि मिठागराचा बांध

ठाण्यातील आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधल्या, मुलांनी यंदा बायबलमधील, संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील 'देवाची शस्त्रसामग्री' या उताऱ्यावर नाटुकले बसवायचे ठरवले आणि संहिता माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच तालमीला पुठ्ठ्याच्या नऊ तलवारी आणि चार ढाली तयार होत्या. पादत्राणे मात्र कुणीच केली नव्हती. शांतीच्या सुवार्तेची सिद्धता पायांत चढवावी असे पौल सांगतो, हे मी लक्षात आणून दिल्यावर एका मुलाने विचारले, "अंकल, लढाईत चपलांचं काय काम?"

त्या रात्री तो उतारा मी पुन्हा वाचला. चाल करून जा, मुलूख जिंका, असे त्यात कुठेही नाही. 'उभे राहा', 'टिकाव धरा' हेच पुनःपुन्हा येते. कमरबंद, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण ही सगळी अंग राखण्याची साधने आहेत. तलवार एकच आणि तीही देवाच्या वचनाची. आपला झगडा रक्तमांसाशी नाही असे बजावणारा लेखक त्याच पत्रात स्वतःला बेड्यांतला राजदूत म्हणवतो. म्हणजे सैन्याचे हे रूपक एका कैद्याच्या तोंडून आलेले आहे, आणि ते भक्तिगीतांतून मोठ्याने गाताना आपल्याला नेमका याचाच विसर पडतो.

पुढे हे रूपक वाढत गेले. रोमन सैनिकाच्या शपथेला लॅटिनमध्ये 'साक्रामेंतुम' म्हणत. तोच शब्द ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, बाप्तिस्म्यासारख्या आपल्या संस्कारांसाठी घेतला. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या मिशनने १८७८ मध्ये 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव धारण केले, १८८२ मध्ये ती मुंबईत उतरली आणि मराठीत 'मुक्तिफौज' झाली. मौज अशी की, या फौजेला इकडे घेऊन आलेल्या फ्रेडरिक टकर यांनी देशी वेष पत्करला आणि स्वतःला 'फकीर सिंग' म्हणवून घेतले.

ठाण्याला तर याहून जुनी आठवण आहे. तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक आणि त्याचे तीन साथीदार १३२१ मध्ये येथे मारले गेले. त्यांना हुतात्मे म्हटले की यज्ञातली आहुती डोळ्यांपुढे येते. आमच्या ख्रिस्ती मराठीतला 'रक्तसाक्षी' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार असाच आहे.

माझे आजोबा खाडीकाठच्या मिठागरावर काम करीत, त्यामुळे 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' हे येशूचे वचन आमच्या घरी उपमा म्हणून कमी आणि धंद्याची गोष्ट म्हणून अधिक ऐकले जाई. त्याच वचनात पुढे 'मिठाचा खारटपणा गेला तर' असे येते; तो जातोच कसा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. अवकाळी पाऊस उघड्या राशीवर पडला की खरे मीठ विरघळून वाहून जाते आणि मागे पांढरट, बेचव गाळ उरतो, हे त्यांनी पाहिलेले होते. मीठ एकाच जागी ढिगाने पडले तर तिथे गवतही उगवत नाही, आणि कालवणात चिमूटभर घातले तर ते दिसत नाही, पण कळते. ख्रिस्तसभेच्या कार्याविषयी मला जे म्हणायचे आहे, त्यातले बरेचसे त्या चिमटीत येते.

आणि झगडा? तो बांधावर होता. उधाणाच्या रात्री आजोबा कंदील घेऊन बांधावरून फिरत, ते समुद्राशी लढायला नव्हे, तर खेकड्यांची बिळे शोधायला. बांध फुटतो तो लाटेपेक्षा बिळामुळे, असे ते म्हणत. बीळ सापडले की चिखलाचा गोळा ठासून बसवायचा आणि पुढे सरकायचे. खाडीचे पाणी तर त्यांना हवेच होते, त्याशिवाय मीठ कुठून येणार? फक्त ते हवे तेव्हा आणि हवे तेवढेच आत यायला हवे. पौलाच्या 'उभे राहा' चा याहून चांगला अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही.

संहिता बदलली आहे. तलवारी नऊवरून एकीवर आल्या आहेत, कोल्हापुरी चपलांचा एक जोड मिळाला आहे, आणि शिंगे लावून सैतान व्हायला निघालेल्या मुलाला आता खेकडा व्हावे लागणार आहे. तो अद्याप माझ्याशी बोलत नाही.