तुम्ही विचारलंत म्हणून : ८० टक्के मिळूनही कुरकुर कशाची?

प्रश्न ठरलेला असतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, बँकेतला ओळखीचा माणूस विचारतो, आणि शेतकऱ्याच्याच घरातला नोकरीला लागलेला मुलगाही विचारतो. ‘ठिबकला ८० टक्के अनुदान, मोटारीचं बिल माफ, सौर पंप दहा टक्क्यांत. मग तुमचा खान्देशातला शेतकरी अजून कुरकुरतो कशाला?’ लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देतो.

आधी ते ८० टक्के. केंद्राचे ५५ आणि त्यावर राज्याचे २५, असे अल्प व अत्यल्प भूधारकाला ८०. बाकीच्यांना ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. हे टक्के दुकानदाराच्या बिलावर मिळत नाहीत. दोन ओळींतल्या अंतरावरून सरकारने खर्चाचा हेक्टरी एक मापदंड ठरवलेला असतो, टक्के त्यावर लागतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. बिल १ लाख ४० हजारांचं झालं आणि मापदंड १ लाख १० हजारांचा आहे. त्याचे ८० टक्के म्हणजे ८८ हजार. खिशातून गेले ५२ हजार. पण सुरुवातीला १ लाख ४० हजार पूर्ण मोजावे लागतात, कारण अनुदान काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर खात्यात येतं. ते पैसे महिना शेकडा दोन व्याजाने उचलले आणि अनुदानाला सहा महिने लागले, तर व्याजच १६,८०० होतं. आता बेरीज करा, ६८,८००. बिलाच्या जवळजवळ निम्मे. जाहिरातीतला आकडा खोटा नाही, पण वावरात पोचेपर्यंत तो एवढा उरतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा उपयोग झाला. अर्जांची सोडत जाऊन ‘आधी अर्ज त्याला आधी’ आलं, हेही बरं झालं. मिळालेलं नाकारायचं नाही.

खरी अडचण पैशांपेक्षा तारखेची आहे. ही तारीख काय करते हे कळावं म्हणून जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या एका केळीच्या शेतकऱ्याचं सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

एक हेक्टर मृगबाग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला जूनमध्ये लावायची केळी, लावायची होती. दीड बाय दीड मीटरवर ४,४४४ रोपं लागतात. टिश्यूची (लॅबमध्ये तयार केलेली) रोपं दुकानात जाऊन उचलता येत नाहीत. चार-पाच महिने आधी आगाऊ रक्कम देऊन नोंदवावी लागतात, आणि लॅब देईल त्या आठवड्यात उतरवून घ्यावी लागतात. याला जूनचा दुसरा आठवडा मिळाला होता. ठिबकचा अर्ज केलेला होता, निवड झाल्याचा मेसेज आलेला होता. सातबारा, आठ-अ, कोटेशन आणि आराखडा चढवला. मग त्रुटी निघाली. सातबारा सामाईक, भावांचं संमतीपत्र जोडा. एक भाऊ सुरतला. तो येऊन सही होईपर्यंत मे संपला. कागद पुन्हा चढले आणि पूर्वसंमतीची वाट सुरू झाली.

इथे नियम असा की पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. नळ्या आधी अंथरल्या की अनुदान गेलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. जुन्या संचावर नवं बिल लावण्याचे प्रकार झाले म्हणूनच तो आला.

रोपं उतरली. पिशवीतलं रोप सावलीत पंधरा दिवस तग धरतं. पुढे मुळं पिशवीतच गोल फिरतात आणि नंतर जमिनीत पसरत नाहीत. मग पाटपाण्यावर लावायची का? एक हेक्टर एकदा भिजवायला सहा सेंटिमीटरने सहा लाख लिटर पाणी लागतं. त्याच्या ट्यूबवेलचं तासाला पंधरा हजार लिटर आणि वीज आठ तास, म्हणजे दिवसाला १ लाख २० हजार. एक भरणं पाच दिवसांचं, आणि त्या पाच दिवसांत बाकीचं वावर कोरडं. ठिबकवर तेच कोवळं रोप दिवसाला पाच लिटरवर भागतं, सगळी मिळून बावीस हजार. कपाशीच्या जुन्या नळ्या जोडायचाही विचार झाला. पण तपासणीला आलेल्यांनी फोटोत जुनी नळी पाहिली तर संच आधीचाच ठरायचा. त्याने थांबायचं ठरवलं.

पूर्वसंमती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आली. बिल, जोडणी, लागवड होईपर्यंत जुलै गेला. निम्मी रोपं सावलीतच खराब झाली होती, ती मिळतील तिथून पुन्हा विकत घेतली. आभाळ भरलेलं, हवा दमट, मावा वाढलेला. अशा दिवसांत कोवळ्या बागेत सीएमव्ही हा माव्याने पसरणारा विषाणूरोग शिरतो. पोंग्याजवळच्या (शेंड्याकडच्या) पानांवर पिवळे पट्टे आले की रोप मुळासकट उपटून बागेबाहेर गाडणं, एवढाच इलाज असतो. रोपं उपटली, नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावली. मग बाग एका वयाची राहिली नाही. वयाचा हा फरक पुढे खताला, निसवणीला आणि कापणीला, सगळीकडे नडतो. जूनची बाग जानेवारी-फेब्रुवारीत निसवते, म्हणजे घड बाहेर टाकते. ही मार्च-एप्रिलमध्ये निसवली. घड भरण्याच्या वेळी मे महिन्याचा उष्ण वारा लागला. मग पावसाआधीची वावधनं, म्हणजे वादळी वारे आले आणि घडाच्या वजनाने झाडं मोडली.

अनुदान मात्र मिळालं. पूर्ण मिळालं, थेट खात्यात. यादीत त्याचं नाव लाभ मिळालेल्यांत आहे, आणि योजना किती लोकांपर्यंत पोचली याच्या हिशोबात तो धरला जातो. उशिराने गेलेला हंगाम लिहायला त्या यादीत रकाना नाही. मला सांगायचंय ते एवढंच.

तुम्ही म्हणाल, कागद वेळेत का नाही केले? बरोबर आहे, आणि लोक आता तेच शिकलेत. मृगबागेसाठी अर्ज आदल्या पावसाळ्यातच टाकतात. वाटणी आणि फेरफार आधी उरकतात. फार्मर आयडीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षराला अक्षर जुळवून घेतात. रोपांची नोंदणी पूर्वसंमती हातात आल्याशिवाय करत नाहीत. नाहीच जमलं तर मृग सोडून कांदेबागेवर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीवर जातात. काही जण तर अनुदानाचा नादच सोडून बिनबिलाची लोकल नळी घेतात. ती स्वस्त पडते, दुसऱ्या दिवशी वावरात येते, पण भिंत पातळ असल्याने ऊन आणि खारुताया तिला टिकू देत नाहीत. चांगली नळीही चार-पाच वर्षांत दमते, आणि त्याच जमिनीवर पुन्हा अनुदान मिळतं सात वर्षांनी. मधली दोन-तीन वर्षं ज्याची त्याने काढायची.

नळीतून जाणाऱ्या खताचंही असंच. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण सरकार फरक भरतं. ठिबकसाठीची १२:६१:०, १३:०:४५ ही विद्राव्य खतं मात्र बाजारभावाने घ्यायची. म्हणून युरिया आणि पांढरा पोटॅश विरघळवून सोडण्याकडे कल असतो आणि स्फुरद मागे पडतो. त्यात आपलं पाणी क्षाराचं, त्यामुळे ड्रिपर चोंदतात. नळीच्या शेवटी निघणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) चारवर येईल इतकं ॲसिड सोडायचं, चोवीस तास बंद ठेवायचं, मग शेवटची टोपणं उघडून नळ्या धुवायच्या. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हे काम टाळणाऱ्याच्या वावरात तिसऱ्या वर्षी ओळीच्या शेवटची झाडं बारीक दिसतात, आणि दोष कंपनीला जातो.

आता वीज आणि सौर पंप. बिलमाफी साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीला आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतही अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पाणी इतकं खोल गेलंय की पंधरा-वीस एचपीच्या मोटारी खाली सोडलेल्या आहेत. दोन्ही योजना जिथे संपतात, तिथून या पट्ट्याची गरज सुरू होते. ‘बिल माफ आहे ना?’ असं त्यांना विचारू नका.

आणि तरीही ही मर्यादा वाढवा असं मला ठामपणे म्हणता येत नाही. ठिबक आलं की पाणी वाचेल, हा माझा जुना युक्तिवाद. झाडामागे ते वाचतंच, पाटपाण्याशी तुलनाच नाही. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, त्यावर आणखी केळी लागली. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा, गोट्या-वाळूचा तो पट्टा, पावसाचं पाणी आत घेतो. तो भरतो त्याहून जास्त आपण उपसतो. जमिनीत पाणी मुरवण्याच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार झाला, पण त्याचं पाणी खाली मुरायला वेळ आहे. तोवर कमी केळी लावा असं शेतकऱ्याला सांगायचं, तर त्या एकराला दुसरं काय परवडतं हेही सांगावं लागेल. कपाशी म्हणावं, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसाचं ११ टक्के आयात शुल्क उठलं आणि वर्षअखेरपर्यंत उठलेलंच राहिलं. नेमकी आपली वेचणी त्याच महिन्यांत असते. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सौर पंप घ्यावा का, हेही बरेच जण विचारतात. तापीच्या दक्षिणेला, विहिरीचं पाणी वर आहे आणि वीजजोडणी नाही, अशांनी जरूर घ्यावा. फक्त ठिबक थेट पंपाला जोडू नका. सकाळी आणि ढग आल्यावर दाब पडतो, वाळूचा फिल्टर उलटा धुतला जात नाही, लांबच्या नळ्यांना पाणी पोचत नाही. एकतर उंचावर टाकी किंवा शेततळं करून त्यातून सोडा, नाहीतर वावराचे लहान भाग पाडून दहा ते तीनच्या दरम्यान एकेक भाग चालवा. आणि अर्ज करण्याआधी पाण्याची पातळी जानेवारीतली धरू नका, मे महिन्यातली मोजा.