आमची वाटचाल : ग्रिल-जिन्यांपासून बॅग फिल्टरपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप टाकलं तेव्हा आम्ही शेड, जिने, ग्रिल असलीच कामं घ्यायचो. आजूबाजूला सगळ्या फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, त्यातल्या एका मालकांनी विचारलं धूळ ओढायचं डक्टिंग करून देता का, आणि आम्ही हो म्हणालो. कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा बॅग फिल्टर विकत आणला, मोठा ब्लोअर लावला, चिमणीचा रिपोर्ट एकदम पास. पण नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून वाळू पाडतात तिथे, काम करणारे मामा संध्याकाळी आधीसारखेच धुळीनं माखून घरी चाललेले. फार वाईट वाटलं, पैसे तर आम्ही घेतले होते ना.

चूक हूडची, म्हणजे डक्टच्या तोंडाला धूळ ओढायला लावतात त्या टोपीची होती. आम्ही तो चार फूट वर टांगलेला, क्रेनला अडचण नको म्हणून. डक्टच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की ओढ जेमतेम 10 टक्के उरते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग तीन बाजू पत्र्यानं बंद केल्या, पुढे रबरी पडदे सोडले, हूड खाली आणला, सगळं आमच्या खर्चानं, आणि त्याच ब्लोअरवर धूळ आत जायला लागली.

विजेवरच्या इंडक्शन फर्नेसला चिमणीत धुळीची घनमीटरला 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तासाला 3 टनाच्या आतल्या कुपोलाला, म्हणजे कोकवरच्या भट्टीला, 450. पण हूडमध्ये न ओढला जाता सुटलेला धूर या आकड्यात येतच नाही, तो छपरातून निघतो, आणि शहर वाढत वाढत आता घरं कंपाउंडला येऊन टेकलीत, तो तिथेच जातो. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं कोल्हापूरही आहे.

पुढे पावसाळ्यानं शिकवलं. कॉम्प्रेसरचं पाणी ड्रेन केलं नाही की पल्सिंगच्या, म्हणजे बॅगा झटकायला मारतात त्या हवेतून ओल बॅगवर जाते, धुळीचा चिखल होऊन बॅगा चोक, मग ब्लोअर नुसताच फिरतो. कुपोलाला तर ठिणग्या, आणि पॉलिएस्टर बॅग 130 डिग्रीच्या वर टिकत नाही, म्हणून आधी ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर लावल्याशिवाय आम्ही बॅग फिल्टर जोडत नाही. हूड आमच्या पद्धतीनं नको असेल तर ऑर्डरच घेत नाही, त्यात चांगली गिऱ्हाइकं गेली, पण चालेल.

सध्या फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या ग्राइंडिंग टेबलावर काम चालू आहे, जाळीतून खाली ओढणारं. पहिलं टेबल त्याच जुन्या फौंड्रीत बसवलंय.