गाडी फोनवर दिसते, तपासावी हातानेच

कुडाळ एमआयडीसीच्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. वडिलांनी ते जीप आणि टेम्पोच्या कामासाठी सुरू केलं. आम्ही दोघे भाऊ हाताशी आलो तोवर छोट्या गाड्या वाडीवाडीत पोचल्या होत्या. आज आमचं निम्म्याहून जास्त काम वेगळंच आहे. लोकांनी ऑनलाइन पसंत केलेली जुनी गाडी, पैसे द्यायच्या आधी, आम्ही जाऊन तपासतो. गाड्या आम्ही विकत नाही. विकणाऱ्याकडून एक रुपया घेत नाही. घेणाऱ्याकडून ठरलेली फी घेतो आणि जे दिसलं ते त्याला सांगतो.

पूर्वी आमच्याकडे जुनी गाडी ओळखीनेच यायची. मुंबईच्या मामाने नवीन घेतली की त्याची जुनी गावाला यायची, आणि तिचे गुणदोष घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असायचे. मग गाड्या फोनवर दिसायला लागल्या. सर्व्हिसिंगला आलेलं गिऱ्हाईक फोन पुढे करायचं, "भाऊ, ही बघ, पुण्याची, फर्स्ट ओनर. घेऊ काय?" फोटोत प्रत्येक गाडी चकचकीत असते. फोटो बघून हो म्हणणं आम्हाला कधीच पटलं नाही. म्हणून माझा धाकटा भाऊ ओळखीच्या गिऱ्हाइकांबरोबर कोल्हापूरला, पुण्याला जायला लागला. जाण्यायेण्याचा खर्च गिऱ्हाईक द्यायचं, वर जेवण. या कामाची फी ठरवावी असं तेव्हा मनातही नव्हतं.

ते ठरलं २०२१ च्या पुरानंतर. २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत महाडला आणि कोल्हापूरलाही पूर आला. किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अशा गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या तिच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत काढते आणि सांगाडा लिलावात जातो. तो घेणारा गाडी धुतो, सीट कव्हर बदलतो, पॉलिश मारतो. काही महिन्यांनी तीच गाडी फोनवर दिसते, किंमत बाजारभावापेक्षा थोडीशी कमी.

त्या दिवाळीनंतर वेंगुर्ल्याकडच्या एका शिक्षक काकांसाठी आम्ही घाटावर एक पांढरी डिझेल गाडी बघायला गेलो. मीटर कमी, टायर नवे, आत सुगंधी वडी टांगलेली. भावाने ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता, पण शेवटचा वीतभर, जो एरवी आत गुंडाळलेलाच राहतो, त्यावर आडवी मळकट रेघ. मग सीटखालचं कार्पेट उचललं. आमच्या गाड्यांच्या कार्पेटखाली माती निघतेच, पण ती जांभ्याची, लाल आणि खरखरीत. इथे निघाली ती राखाडी, पिठासारखी मऊ, बोटाला चिकटणारी. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, डॅशबोर्डखालच्या एका कनेक्टरवर हिरवा थर. काकांना बाजूला घेऊन सांगितलं, ही घेऊ नका. इंजिन त्या दिवशी उत्तम चालत होतं, पण पाण्यात बुडालेलं वायरिंग पुढे कधी दगा देईल याचा भरवसा नसतो, आणि एअरबॅगचं सर्किट त्याच वायरिंगमध्ये असतं. काकांनी टोकन दिलं नाही. परतीच्या वाटेवर फोंडा घाट उतरताना तेच म्हणाले, "याचे पैसे घ्या रे बाबांनो, हे काम आहे."

तेव्हापासून आम्ही रीतसर फी घेतो. गाडीच्या किमतीवर टक्केवारी ठेवली नाही. तशी ठेवली तर महागडी गाडी पास करण्यात आमचा फायदा दिसेल.

तपासणीला जाताना विकणाऱ्याला एकच गोष्ट बजावतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर थांबायचं, दुपारी पुन्हा यायचं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला जो आवाज करतं आणि जो धूर सोडतं, तो तापलेल्या इंजिनात लपतो. मग पेंटची जाडी मोजणारं गेज लावायचं. कंपनीचा मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो. एखाद्या दरवाज्यावर आकडा २०० च्या वर गेला तर रंग पुन्हा मारलाय, आणि ५०० च्या पुढे गेला तर खाली लांबी, म्हणजे चेपलेला पत्रा बुजवायची पुट्टी, भरलीय. बंपर घासल्याने रंग मारलेला असेल तर त्यात वावगं काही नाही. छताला किंवा छत पेलणाऱ्या दरवाज्यांमधल्या खांबाला लांबी निघाली, की गाडी मोठ्या अपघातातली समजायची. काचांच्या कोपऱ्यातले छापही बघतो. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर का ते विचारायचं. टायरवरचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर मागे केलाय का, हे मीटरकडे बघून कळत नाही. त्यासाठी कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास काढायचा आणि क्लचच्या पेडलचं रबर बघायचं. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं.

मुंबई-पुण्याच्या गाडीकडे संशयाने बघणारे लोक घरच्या गाडीकडे मात्र डोळे मिटून बघतात, हे मला पटत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला समुद्रालगत उभी राहिलेली गाडी खारी हवा वर्षानुवर्षं खात असते. गाडीतून मासळीचे क्रेट वाहिले असतील तर बर्फाचं खारट पाणी थेट फ्लोअरच्या पत्र्यात मुरतं. अशी गाडी वरून कितीही छान दिसो, लिफ्टवर घेतल्याशिवाय बोलायचं नाही. खालची ब्रेकची पाइपलाइन गंजाने सोलवटली असेल तर घाटात जिवाशी गाठ आहे. हापूसच्या पेट्या वाहिलेल्या गाडीचं मागचं सस्पेन्शन बसलेलं असतं. ते खर्च करून बदलता येतं, मात्र तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

कागदांचं काम माझी वहिनी बघते, आणि आमच्या कामातला तोच सगळ्यात मोलाचा भाग आहे असं मी मानतो. 'वाहन' नावाच्या सरकारी पोर्टलवर बँकेचा बोजा, विम्याची मुदत, ब्लॅकलिस्टची नोंद दिसते, थकलेली ई-चलनंही ऑनलाइन तपासता येतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर तिथली एनओसी फॉर्म २८ वर. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज करायचा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही हे हिशेबात धरायचं. दिल्लीकडच्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, कारण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे त्या चालवायला बंदी घातली होती. इथे आणून रोड टॅक्स भरून नवा नंबर घेईपर्यंत तो स्वस्तपणा बराच आटतो.

विकणाऱ्यांनाही वहिनी एक गोष्ट आवर्जून सांगते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी कोऱ्या सह्या करून देऊन मोकळं होता येत नाही.

फसवणुकीचा एक प्रकार इतक्यांदा समोर येतो की तो लिहायलाच हवा. विकणारा म्हणतो मी सैन्यात आहे, बदली झालीय, गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि आधी थोडे पैसे मागतो. आमच्या घराघरांतून मुलं सैन्यात आहेत, म्हणून लोकांचा विश्वास चटकन बसतो. गाडीजवळ माणूस उभा राहिल्याशिवाय टोकनही द्यायचं नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत. गेलेच, तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावायचा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ताब्यात घेतलेल्या गाडीची नोंद पोर्टलवर करावी लागते. नियम चांगला आहे. तेव्हा बरेच जण म्हणाले, आता तुम्हीही डीलर व्हा, जागा आहे, नाव आहे. आम्ही घरात बसून बोललो आणि नको ठरवलं. आवारात दहा गाड्या उभ्या असताना, बँकेचं व्याज चालू असताना, समोरच्याला "ही घेऊ नका" म्हणणं फार कठीण होईल. आमच्याकडे लोक त्याच एका वाक्यासाठी येतात.

आता कणकवली आणि सावंतवाडीत आम्ही शिकवलेली दोन मुलं तपासणी करतात, अहवाल फोटोंसकट पाठवतात. नव्या नावाची आरसी घरी येईपर्यंत आम्ही फाइल बंद करत नाही. गणपतीच्या तोंडावर मात्र नवीन काम घेणं थांबवतो, कारण त्या घाईत एनओसी येत नाही आणि लोक कागदांशिवाय गाडी आणायला तयार होतात. चतुर्थीला गाडी दारात हवी असेल त्यांनी आषाढातच शोध सुरू करावा. भर पावसात बघितलेल्या गाडीची दरवाज्याची रबरं, वायपर आणि डिकीतली गळती तिथल्या तिथे कळते, आणि विकणाराही किंमत कमी करायला लवकर तयार होतो.