दहापैकी किती दुखतंय?

मार्चमध्ये इथे श्टुटगार्टला माझं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून, पोटावर चार भोकं. शुद्धीवर आलो तर नर्स विचारते, शून्य ते दहा, किती दुखतंय? आमच्या अमळनेरकडे दुखणं मोजत नाहीत, अंगावर काढतात. मी ऐटीत 'तीन' म्हणालो. "खोकून दाखवा," ती म्हणाली. खोकलो आणि काजवे चमकले. तिनं निमूट सात लिहिलं. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो. (खांदाही दुखत होता. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसचा प्रताप!)

मग तिची चौकशी: अ‍ॅसिडिटी? दमा? किडनी? रक्त पातळ करायची गोळी? त्यावर औषध ठरलं. पॅरासिटामॉल घड्याळ लावून, दुखो न दुखो. जोडीला कडू थेंब, मेटामिझोलचे. नाव वाचून मी हबकलो, हे तर आपलं अ‍ॅनाल्जिन! अमेरिकेनं 1977 मध्ये बाजारातून काढलेलं, भारतानं 2013 मध्ये थांबवून 2014 मध्ये पुन्हा सुरू केलेलं. जर्मनीत मात्र सर्रास देतात. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, म्हणून ताप आला किंवा घसा धरला तर थेंब बंद करून लगेच या, असं तिनं दोनदा बजावलं.

दिवाळीनंतर जळगावला मायचा गुडघा बदलला. व्हिडिओ कॉलवर तिच्या उशाशी डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं दिसली. डॉक्टरांनी ती लिहिलीच नव्हती. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून भाऊ मेडिकलमधून घेऊन आला होता. मायला बीपी आहे, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलेलं. अशा किडनीला ही गोळी म्हणजे आगीत तेल, त्यात ती सकाळी नुसत्या चहावर, म्हणजे पोटालाही जाच. डॉक्टरांना फोन लावला. ते भडकलेच. त्यांचा कागद साधा होता: पॅरासिटामॉल 650 दिवसातून तीनदा, फारच कळ आली तर ट्रामाडॉल, तेही थोडेच दिवस, कारण त्यानं चक्कर येते आणि पोट साफ होत नाही.

भावाला पाकिटं परत करायला लावली. मग मायला आमच्या अहिराणीत विचारलं, दहामा कितलं दुखस?

"दहा ते कपाशीना वावरमा इच्चू चावना तवय व्हतं. आते पाच शे." (कपाशीच्या शेतात विंचू चावला तेव्हा दहा होतं, आता पाच आहे.)

"आणि गुडघा वाकवताना?"

माय गप्प. मागून भाऊ ओरडला, "आठ लिही!" आता व्यायामाच्या तासभर आधीची गोळी चुकवायची नाही, असं ठरलंय.