आईची डबी

"काशी झाली, रामेश्वर राहिलं," हे पालुपद आईनं चार वर्षं लावलं होतं. शेवटी जानेवारीत निघालो. तिच्या पिशवीत गंगेचा सीलबंद गडू आणि एक रिकामी स्टीलची डबी. गंगा रामेश्वराला वाहायची, आणि इथली वाळू डबीत भरून पुढे प्रयागच्या संगमात सोडायची, अशी रीत.

मला मात्र समुद्र बघायचा होता. रामेश्वर ते कन्याकुमारी या पट्ट्यातलं मन्नारचं आखात १९८९पासून बायोस्फियर रिझर्व्ह, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी राखलेलं क्षेत्र आहे, साडेदहा हजार चौरस किलोमीटरचं. देवळातल्या बावीस तीर्थांवर भिजणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मलाही तिकिटं काढेपर्यंत नव्हतं.

रामेश्वर बेटावरच्या पांबन गावाजवळच्या कुंदुकाल धक्क्यावरून कुरुसडै बेटाकडे बोट जाते. स्वामी विवेकानंद १८९७ साली परदेशातून परतले ते इथंच उतरले, म्हणून तिथं स्मारक आहे. आईला तिथून ओढूनच आणावं लागलं. धक्क्यावर शेवाळ वेचणाऱ्या दोघी बायका बसल्या होत्या. साडीवर पुरुषी शर्ट, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. बेटांभोवती शेवाळ काढायला त्यांना बंदी, आणि आम्ही तिकीट काढून चाललेलो. संरक्षणाचा हा हिशेब मला नीटसा पटलेला नाही.

बोटीच्या तळाला काच. आधी नुसतं हिरवट धुरकट पाणी, मग समुद्री गवताची कुरणं. याच गवतावर समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, जगते. ती काही दिसली नाही, आणि दिसेल असं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. मग प्रवाळ: काही मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे, काही सांबरशिंगासारखे, मध्येच पांढरेफटक पडलेले. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातलं रंगीत शैवाल बाहेर टाकतो आणि उपाशी पडतो.

आमचा वाटाड्या कोळ्याच्या घरातला पोरगा. मोडक्या हिंदीत म्हणाला, "हमारा दादा यही पत्थर निकालता था, अम्मा. चूना भट्टी के लिए." वर्षानुवर्षं प्रवाळ असा खणून नेला. आखातातल्या एकवीस बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली, त्यामागं हे मोठं कारण. लाटेला अडवणारी भिंतच काढून घेतली, मग बेट टिकणार कसं?

हे सगळं ऐकून, मान डोलावून, बेटावर उतरल्यावर मी काय केलं? करंगळीएवढा एक पांढरा तुकडा उचलून खिशात टाकला. त्यावर बारीक चांदण्यांची नक्षी होती, मोह झाला. पोराच्या नजरेतून सुटलं नाही.

"सर, नो."

"अरे, मेलेला आहे."

"मरा हुआ भी." कायद्यानं प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे, हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच शरमलो. त्यानं पायाखालची वाळू चिमटीत धरून दाखवली. "ये भी वही है. टूट टूट के बनता है."

तुकडा ठेवून दिला. आई काही बोलली नाही, पण बोटीत बसल्यावर पर्समधून हळूच एक शिंपला काढून पाण्यात सोडला.

संध्याकाळी अग्नितीर्थावर, म्हणजे देवळासमोरच्या समुद्रकिनाऱ्यावर, तिनं डबी भरली. भरली म्हणजे तळ झाकेल इतकीच. बाजारात शंखशिंपल्यांच्या दिव्यांच्या दुकानांपुढून मात्र नेहमीसारखा भाव विचारायला न थांबता गेली.

परतीच्या गाडीत, पांबनचा पूल मागं पडल्यावर, तिला डुलकी लागली. मी डबी उघडून बघितली. वाळूत तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा खडा होता, त्यावर अर्धी चांदणी. झाकण लावून टाकलं.