दवाबाजारातला जोर्नाडा

दुपारी बाराच्या सुमारास इंदूरच्या दवाबाजारातल्या एका ठोक दुकानातून फोन आला. हिशेब सांभाळणारे काका बोलत होते. "अहो भाऊ, गोदामातलं छोटं कॉम्प्युटर वाय-फायला जुडतच नाहीये. नवीन लाइन घेतली तेव्हापासून." आमच्या इंदुरी मराठीत यंत्र जोडलं जात नाही, ते जुडतं. नवीन लाइन म्हणजे नवीन राउटर, तेव्हा दुखणं कुठे असणार ते फोनवरच कळल्यासारखं वाटलं. तेवढंच असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. लागले सहा तास. अडचणी एकीच्या पोटात एक अशा बसल्या होत्या आणि पहिलीचा राउटरशी काडीचाही संबंध नव्हता.

यंत्र होतं एचपी जोर्नाडा ७२०. हे मॉडेल २००० सालचं. बिजागरी, कीबोर्ड, ६४० बाय २४०चा लांबट पडदा, २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर आणि ३२ एमबी मेमरी. वर विंडोज सीई ३.०वर बेतलेली हँडहेल्ड पीसी २००० ही प्रणाली. औषधाचा बॅच नंबर, एक्सपायरी आणि नग टिपायचा प्रोग्राम कुणीतरी तेव्हा लिहून दिला होता. तो लिहिणारा आता सापडत नाही, म्हणून यंत्र बदलता येत नाही. संध्याकाळी तो प्रोग्राम एक मजकूर फाइल एफटीपीने, म्हणजे जाळ्यावरून फाइल पाठवायच्या एका रीतीने, दुकानातल्या पीसीवर टाकतो, एवढंच त्याचं काम. त्यात घालायचं वाय-फाय कार्ड ल्युसेंट कंपनीचं ऑरिनोको गोल्ड, ८०२.११बी या जुन्या वाय-फाय प्रकारचं, कमाल वेग ११ एमबीपीएस.

कार्ड खाचेत घातलं तर दोन्ही दिवे बंद. हे महत्त्वाचं. नेटवर्क न मिळालेलं ऑरिनोको मेल्यासारखं पडून राहत नाही, थोड्याथोड्या वेळाने दोन्ही दिवे एकदम लुकलुकतात. काहीच लुकलुकत नसेल तर एक तर वीज पोचत नाही, नाही तर ड्रायव्हर चढला नाही, नाही तर यंत्राला कार्ड आत आलंय हेच कळलेलं नाही. ड्रायव्हर जागेवर होता. मग काकांना विचारलं, मधल्या काळात कुणी काही करून पाहिलं का? ते नाही म्हणाले. दुकानातल्या पोऱ्याने मात्र मान खाली घातली. जुन्या लॅपटॉपचं "जास्त स्पीडवालं" कार्ड त्याने यात घालून पाहिलं होतं. जात नव्हतं, म्हणून जरा जोर लावला होता.

ते कार्ड मागवून पाहिलं. टोकाशी सोनेरी पट्टी आणि तिच्यावर बारीक उंचवटे, म्हणजे ३२ बिटांचं कार्डबस. जोर्नाडाची खाच १६ बिटांची. दोन्ही कार्डं लांबी-रुंदीने सारखीच दिसतात, पण कार्डबसची कड वेगळी कापलेली असते, ती याचसाठी की ते जुन्या खाचेत जाऊच नये. "जात नाही" हाच तिथे निरोप असतो.

टॉर्चने खाचेत उजेड टाकला. आत ६८ पिना, ३४च्या दोन ओळी. खालच्या ओळीत कडेपासून दुसरी पिन शेजारणीकडे झुकलेली. ही ६७ नंबरची. पीसी कार्डाच्या, म्हणजे या जातीच्या कार्डांच्या, खाचेतल्या पिना एका लांबीच्या नसतात. वीज आणि ग्राउंडच्या सर्वांत लांब, कार्ड आत आल्याची खबर देणाऱ्या दोन सर्वांत आखूड. त्या दोन म्हणजे ३६ आणि ६७. आखूड ठेवण्यामागे कारण आहे, बाकी सगळं नीट टेकल्यावरच यंत्राला खबर लागावी. दोन्ही टेकल्याशिवाय यंत्र कार्डाला वीज सोडत नाही. एक वाकडी, म्हणून यंत्राच्या लेखी खाच रिकामी.

पिन सरळ करायला मेन बॅटरी काढणं भाग, कारण चालू यंत्रात धातूची सुई घालून शेजारच्या पिना एकमेकींना टेकवल्या की मग दुरुस्तीलाच काही उरत नाही. पण जोर्नाडात मागून टाकलेले प्रोग्राम आणि सगळा डेटा रॅममध्ये असतो. मेन बॅटरी निघाली की रॅमचा जीव सीआर२०३२ या नाणेसेलवर. कंट्रोल पॅनेलमध्ये पाहिलं तर सेल संपल्याचा इशारा. तशीच बॅटरी ओढली असती तर प्रोग्राम, ड्रायव्हर, वर्षानुवर्षांच्या याद्या सगळं एका सेकंदात गेलं असतं. म्हणून आधी शेजारच्या सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्डाच्या) खाचेत १२८ एमबीचं कार्ड घालून सगळं तिकडे उतरवलं, प्रोग्रामची आणि ड्रायव्हरची कॅब, म्हणजे पुन्हा बसवायची, फाइलसुद्धा. मग मेन बॅटरी जागेवर आणि अ‍ॅडॅप्टर लावलेला ठेवून सेल बदलला. त्यानंतर अ‍ॅडॅप्टर आणि मेन बॅटरी काढली. हा क्रम उलटा करणाऱ्यांची यंत्रं माझ्याकडे कोरी होऊन येतात.

खाच ५ मिलिमीटर उंच आणि पिना पार तळाशी, तिथे चिमटा पोचत नाही. पिन साधारण ०.४४ मिलिमीटर जाडीची. दवाबाजारात बसल्याचा फायदा इथे झाला. २० गेजच्या इंजेक्शनच्या सुईचं भोक ०.६ मिलिमीटरचं असतं, म्हणजे पिनवर टोपीसारखी बसेल असं. सुईचं तिरकं टोक पॉलिशपेपरवर घासून सपाट केलं, मागचा प्लास्टिकचा भाग कापला आणि ती रिकाम्या रिफिलमध्ये फेविक्विकने बसवली. पिनवर सरकवून अगदी हलकेच, श्वास रोखून, एकाच दिशेने उभी केली. पुढे-मागे हलवत बसलात तर पिन मुळाशी तुटते. एकदा सरळ होते, दुसऱ्यांदा नशीब लागतं.

कार्ड घातलं. दिवे लुकलुकले. पोऱ्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

शोध लावला तर आसपासच्या दुकानांची तीन नावं दिसली, आपलं नाही. शेजारची दिसतात म्हणजे कार्डाचा रेडिओ, अँटेना, ड्रायव्हर सगळं ठीक, आता संशय राउटरवर. मोबाइलवरच्या वाय-फाय अ‍ॅपमध्ये आपला राउटर १३ नंबरच्या चॅनेलवर निघाला. चॅनेल निवडणं "ऑटो"वर होतं. आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात, पण हे कार्ड अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नियमांचं, त्याला ११च्या पुढचं ऐकूच येत नाही. चॅनेल ६ला बांधून टाकलं.

तरीही दिसेना. इथे पाऊण तास गेला. सेटिंगची पानं एकेक उलगडत गेल्यावर कळलं की २.४ गिगाहर्ट्झवर जुन्या "बी" उपकरणांचा आधारच बंद आहे. त्याचा परिणाम फक्त वेगावर होत नाही. राउटर आपलं नाव सांगणारे बीकन सतत सोडत असतो. बी चालू असेल तर ते साधारणपणे १ एमबीपीएसने, जुन्या डीएसएसएस पद्धतीने जातात. बी बंद केलं की ते ६ एमबीपीएसने, नव्या ओएफडीएम पद्धतीने. बी कार्डाला ओएफडीएम कळतच नाही, त्याला तो नुसता खरखराट. म्हणून नाव अंधुकसुद्धा दिसत नाही, सिग्नल कितीही तगडा असो. "बी/जी/एन मिश्र" केलं आणि नाव आलं.

आणि लगेच भिंत. राउटर डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या कुलुपावर. कार्डाच्या सेटिंगमध्ये की टाकायची सोय एकाच जुन्या कुलुपाची, वेपची, ५ किंवा १३ अक्षरं, नाही तर १० किंवा २६ हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ). विंडोज सीई ३.०ला डब्ल्यूपीए ठाऊक नाही, तो आलाच २००३मध्ये. नवीन राउटरमध्ये वेप नाही. नसलेलंच बरं, वेपची मोडतोड २००१मध्येच जगजाहीर झाली. दुकानाचं बिलिंग, बँक सगळं ज्या जाळ्यावर चालतं ते एका जुन्या यंत्रासाठी उघडं टाकणं मी कुणालाच सुचवणार नाही. नवीन राउटरवर बीसाठी बदललेलं सेटिंगही परत होतं तसं केलं.

"तुमचा जुना राउटर कुठाय?"

"भंगारात गेला हो." काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पोऱ्याने तो सलाइनच्या खोक्यांमागून काढला. फक्त कुणीतरी रीसेट दाबला होता, त्यामुळे जुनी सेटिंग गेलेली.

जोडणी अशी केली. दुकानाच्या पीसीत दुसरं लॅन कार्ड बसवलं आणि जुना राउटर फक्त त्यालाच जोडला, इंटरनेटच्या लाइनला नाही. पत्ते १९२.१६८.५०च्या पट्ट्यात, मुख्य जाळ्याहून वेगळे. दोन लॅन कार्डांमधलं शेअरिंग बंद, फायरवॉलमध्ये त्या बाजूने एफटीपीशिवाय सगळी दारं बंद आणि एफटीपीला एकच फोल्डर. शेजारच्या कुणी वेप फोडलाच तरी त्याला सापडणार ती एवढी एक खोली, आत खोकल्याच्या औषधांची यादी.

काकांचा आग्रह होता की लक्षात राहील असा पाच अक्षरी शब्द ठेवा. घाई मलाही होती. राउटरच्या "पासफ्रेज"च्या रकान्यात शब्द टाकला, तोच जोर्नाडात टाकला. जुडलं! सिग्नल पूर्ण. आणि फाइल जाईना. पत्ता पाहिला तर १६९.२५४ने सुरू होणारा, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, यंत्राने स्वतःच बसवून घेतलाय. वेपची ही खोड जाणत्यालाही चकवते. "ओपन" पद्धतीत की चुकीची असली तरी जोडणी होते, चूक फक्त पुढच्या डेटात दिसते, कारण तो कुणालाच उलगडत नाही. पासफ्रेजवरून की कशी बनवायची याचं प्रमाण ठरलेलं नाही. राउटरने शब्दावरून आपल्या रीतीने की शिजवली, जोर्नाडाने अक्षरं जशीच्या तशी घेतली. पासफ्रेजचा रकाना रिकामा केला, २६ हेक्स अंक दोन्हीकडे हाताने भरले आणि वेपमध्ये एकाहून जास्त की ठेवता येतात, त्यातली पाठवायची की दोन्हीकडे पहिलीच निवडली. राउटरवर दुसरी निवडलेली राहिली तर पुन्हा हाच खेळ. या वेळी पत्ता आला, पण रोज मागत बसायला नको म्हणून जोर्नाडाला पक्का पत्ताच देऊन टाकला.

गोदामाच्या आतल्या टोकाला वेग २ एमबीपीएसवर येतो. लोखंडी रॅक आणि सिरपच्या पेट्या, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झला गिळतात. काही किलोबाइटच्या फाइलला २ पुष्कळ झाले. तरी काकांना सांगितलं की फाइल टेबलाशी, अ‍ॅडॅप्टर लावून पाठवा. हे कार्ड पाठवताना २८५ मिलिअँपिअरच्या आसपास खातं, म्हाताऱ्या बॅटरीला ते झेपत नाही. आणि खाचेबाहेर आलेल्या फुगीर भागावर बोटं ठेवू नका, अँटेना तिथेच आहे. कार्ड रोज काढघाल करायचं नाही, ती ६७ नंबरची पिन आता नाजूक आहे.

साडेसहाला पहिली फाइल पीसीवर उतरली. पोऱ्याने कार्डबसचं कार्ड उचललं, त्यावर मार्करने "यात नाही" असं लिहिलं आणि आपल्या खिशात टाकलं. सेल बदलल्याची तारीख मी जोर्नाडाच्या पाठीवर चिकटपट्टीने लावली.